बर्फ न पडणाऱ्या शहरात ट्रॅक्टरचं पाणी जातं कुठे?

मुंबईत आजवर नोंदलं गेलेलं सर्वात कमी तापमान ७.४ अंश सेल्सियस. सांताक्रूझला, जानेवारी १९६२ मध्ये. पाणी गोठायला शून्य अंश लागतो, म्हणजे इथे उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या इंजिनात बर्फ होण्याचा प्रश्नच नाही. यावरून बऱ्याच मालकांनी एक सोयीस्कर अर्थ काढून ठेवला आहे: कूलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं रसायन, ही थंड मुलखातली चैन, आपल्याला नळाचं पाणी पुरे. मग जुहूच्या वाळूतला कचरा ओढणारा ट्रॅक्टर असो, बांधकामावर दिवसभर कॉम्प्रेसर फिरवणारा असो, की गणपतीत मंडळाची ट्रॉली ओढायला भाड्याने आणलेला असो, रेडिएटरचं झाकण उघडलं की आत विटकरी रंगाचा काढा दिसतो. वर ड्रायव्हर सांगतो, "रोज अर्धा-एक लिटर घालावं लागतं, बाकी काही तक्रार नाही."

रोजचं अर्धा लिटर हीच तक्रार आहे. इंजिनात पाणी फिरतं ती वाट बंद असते, तिथून काही कमी होण्याचं कारण नाही. धडधाकट इंजिनात पातळी महिनोन्महिने हलत नाही. हललीच, तर पाणी तीनपैकी एका वाटेने गेलेलं असतं: बाहेर, ऑइलमध्ये किंवा सायलेन्सरमधून धुरात. चौथी वाट नाही. कुठल्या वाटेने गेलं हे ठरवल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही. हेड (सिलिंडरांवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग) खोलायचा खर्च करून शेवटी दोष झाकणात निघाला, असं होण्याचं कारण तपासणीचा क्रम उलटा लागणं, दुसरं काही नाही.

आधी थोडं आतलं. डिझेल जळून जी उष्णता निघते तिचा साधारण पाव ते एक तृतीयांश भाग पाण्यात जातो. ४०-५० एचपीच्या ट्रॅक्टरात हे पाणी ८ ते १२ लिटर असतं. वॉटर पंप, म्हणजे मेकॅनिकच्या तोंडची वॉटर बॉडी, ते ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागात, लायनरभोवती (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) ढकलतो, तिथून ते हेडमध्ये चढतं, आणि इंजिन तापून थर्मोस्टॅट, म्हणजे उष्णतेने उघडणारी झडप, उघडला (बहुतेक ठिकाणी ८२ अंशांच्या आसपास) की रेडिएटरकडे वळतं. या सगळ्यावर राखण करतं ते रेडिएटरचं झाकण. त्यात स्प्रिंगचा एक वॉल्व्ह असतो, तो ठरावीक दाब आल्याशिवाय काही बाहेर सोडत नाही. झाकणावर ०.५ किंवा ०.९ असा आकडा कोरलेला असतो, तो हाच दाब, बारमध्ये. दाब वाढला की उकळबिंदू वाढतो. ०.५ बारच्या झाकणाखाली साधं पाणीदेखील १११ अंशांपर्यंत उकळत नाही, आणि त्यात निम्मं कूलंट असेल तर आणखी सहा-सात अंशांची सवलत मिळते. झाकणाचं रबर कडक झालं की ही सवलत गेली. हेडजवळ पाणी शंभरालाच उकळतं, वाफ होऊन नळीतून उडतं, आणि आपण गळती शोधत ब्लॉकखाली झोपतो.

म्हणून पहिला संशय झाकणावर. इंजिन पूर्ण थंड असताना काढा. रबरावर बोट फिरवा, चिरा किंवा खळगा लागतो का बघा. रेडिएटरच्या तोंडाची कड जिथे हे रबर बसतं, तिथे पाना आपटून टवका गेलेला असेल तर नवं झाकणही निरुपयोगी. झाकणाच्या मधोमध दुसरा छोटा वॉल्व्ह असतो. इंजिन निवताना आत पोकळी तयार होते तेव्हा तो उघडून रेडिएटरला जोडलेल्या बाटलीतलं पाणी परत आत घेतो. तो चिकटला की सकाळी होज पाईप चोखलेल्या आंब्यासारखा चपटा दिसतो. इतकं सगळं शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तूत. बदलताना आकडा तोच घ्यायचा. "जरा जास्त दाबाचं बसवू, कमी उडेल" हा शहाणपणा रेडिएटरची टाकी उसवतो.

रात्रीचं वर्तमानपत्र

बाहेरची गळती शोधायला सगळ्यात स्वस्त हत्यार म्हणजे रद्दी. संध्याकाळी इंजिन धुऊन, हवा मारून कोरडं करा आणि पुढच्या ॲक्सलपासून क्लच हाउसिंगपर्यंत खाली कागद पसरा. वाऱ्याने हलू नये म्हणून कडेला दगड ठेवा. सकाळी डाग कुठे आहे आणि कसला आहे ते बघायचं. हिरवट किंवा गुलाबी आणि बोटाला चिकट लागणारा डाग कूलंटचा. तपकिरी कड असलेला आणि मध्ये कोरडा, तो गंजलेल्या पाण्याचा. कागद पारदर्शक करून पसरणारा डाग डिझेलचा, काळा ऑइलचा. डागाच्या बरोबर वर जे असेल ते दोषी असेलच असं नाही. पाणी होजवरून, ब्रॅकेटवरून ओघळत दोन हात लांब जाऊन ठिबकतं. त्यामुळे डागापासून वर वर चढत जायचं आणि ओल जिथे संपते तिथे थांबायचं.

पावसाळ्यात मुंबईत सगळंच ओलं असतं, तेव्हा हा उपाय छपराखालीच चालतो. उन्हाळ्यात उलट अडचण. तापलेल्या ब्लॉकवर पडलेला थेंब खाली पोचायच्या आत वाळतो. मागे राहतो तो पापुद्रा. पाण्यातले क्षार असतील तर पांढरा, गंज असेल तर तांबूस, कूलंट असेल तर हिरवट. होजच्या क्लिपाभोवती, थर्मोस्टॅटच्या घराच्या सांध्यावर, हेड आणि ब्लॉकच्या जोडावर टॉर्च मारून असा पापुद्रा शोधा. समुद्राजवळ चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरवर खाऱ्या हवेचाही पांढरा बुरा चढतो. फरक एवढाच की तो जाळीभर सारखा असतो, गळतीचा पापुद्रा एका बिंदूपासून खाली सांडलेला दिसतो.

वॉटर पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता या भोकातून बाहेर पडावं, यासाठी ते मुद्दाम ठेवलेलं. नवा पंप सुरुवातीला एखादा थेंब टाकतो, ते चालेल. धार लागली तर पंप गेला. हे भोक एम-सीलने बुजवलेले पंप पदोपदी दिसतात. गळती बंद, मालक खूश. पाणी मग बेअरिंगकडे वळतं, बेअरिंग बसतं, पंख्याचा शाफ्ट डुलायला लागतो आणि एके दिवशी पंखा रेडिएटरची जाळी कापतो. पंखा दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवून बघणं ही दहा सेकंदांची तपासणी आहे.

थंड इंजिनात थेंब नाही आणि गरम इंजिनाजवळ हात नेता येत नाही, अशा वेळी प्रेशर टेस्टर लागतो. सायकलच्या पंपासारखा हातपंप, त्यावर घड्याळ, आणि रेडिएटरच्या तोंडावर बसणारी टोपी. नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांच्या दुकानांत चौकशी करा, नाहीतर बऱ्या गॅरेजवाल्याकडे असतोच. इंजिन थंड, रेडिएटर काठोकाठ, आणि झाकणावर जो आकडा आहे तेवढाच दाब भरायचा, त्याच्या वर नाही. पंधरा मिनिटं काटा हलला नाही तर बाहेरची वाट बंद. काटा उतरतोय आणि बाहेर थेंबही नाही, म्हणजे पाणी आत जातंय. इथे प्रकरण गंभीर होतं.

चेंबरच्या बोल्टाला विचारा

ऑइलमध्ये पाणी गेलं की डिपस्टिकवर (ऑइलची पातळी बघायची पट्टी) दुधाच्या चहासारखा रंग येतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तो रंग यायला पाणी आणि ऑइल घुसळलं जावं लागतं. ट्रॅक्टर दोन दिवस उभा असेल तर डिपस्टिक स्वच्छ दिसू शकते, कारण पाणी जड, ते चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, तळाशी जाऊन बसतं. म्हणून रात्रभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरखाली सकाळी स्वच्छ भांडं धरा आणि चेंबरचा ड्रेन बोल्ट अगदी सावकाश, आटा-आटा ढिला करा. ऑइल घट्ट, त्याला त्या फटीतून यायला वेळ लागतो. तळाशी पाणी असेल तर तेच आधी बाहेर येतं: बोल्टाच्या कडेला एक स्वच्छ किंवा हिरवट थेंब फुगतो, टपकतो, त्यामागून दुसरा, आणि मग काळी तार सुरू होते. काळी तार दिसली की बोल्ट परत आवळायचा. अर्धा कप पाणी जरी निघालं तरी इंजिन सुरू करायचं नाही.

थोडंसंच पाणी असेल आणि खात्री हवी असेल, तर डिपस्टिकवरचा ऑइलचा थेंब तापलेल्या तव्यावर टाका. निव्वळ ऑइल नुसतं पसरून धुरावतं, पाणी मिसळलेलं फोडणीतल्या मोहरीसारखं तडतडतं. (तवा घरचा वापरू नका.) आणि झडपांच्या वरच्या झाकणाखाली पिवळट फेस दिसला म्हणून लगेच घाबरू नका. फक्त पाच-दहा मिनिटं चालवून बंद होणाऱ्या ट्रॅक्टरात दमट हवेचं पाणी तिथे साचतं. इंजिन पूर्ण तापवून तासभर काम केलं की तो फेस जातो. गेला नाही तर संशय धरा.

ऑइलची पातळी वाढली पण रंग काळाच, पातळ आणि डिझेलचा वास, तर ते पाणी नसून डिझेल आहे. तो वेगळा आजार, फीड पंप किंवा इंजेक्टरकडे बघायचा.

आता उलटं: रेडिएटरमध्ये ऑइलची साय, पण चेंबरमध्ये पाणी नाही. असं का होतं हे कळलं की शोध सोपा होतो. चालू इंजिनात ऑइलचा दाब ३-४ बार, पाण्याचा जेमतेम अर्धा बार. दोघांमधली भिंत फुटली तर जास्त दाबवाला कमी दाबवाल्यात घुसणार, म्हणजे ऑइल पाण्यात. ही भिंत बहुतेक वेळा ऑइल कूलरची असते, नाहीतर हेड आणि ब्लॉकमधला सांधा बंद ठेवणाऱ्या गॅस्केटमध्ये ऑइलच्या भोकाजवळची. इंजिन बंद केल्यावर ऑइलचा दाब लगेच पडतो, पाण्याचा काही वेळ टिकतो, तेव्हा थोडं पाणीही ऑइलकडे सरकतं. पण चेंबरमध्ये भरपूर पाणी आणि रेडिएटर स्वच्छ असेल तर गळती दाबाखालच्या ऑइलशी संबंधित नाही. ती लायनरच्या बुडाशी असलेल्या ओ-रिंगांमधून (रबरी कड्या), किंवा लायनरला पडलेल्या भोकातून थेट चेंबरमध्ये पडतेय.

लायनरला भोक कसं पडतं, हा साध्या पाण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांसाठी महत्त्वाचा मुद्दा. डिझेलच्या प्रत्येक स्फोटाला पिस्टन लायनरच्या एका बाजूवर आदळतो आणि लायनर घंटेसारखा थरथरतो. थरथर केसाहून बारीक, पण इतकी झटक्याची की बाहेरचं पाणी क्षणभर मागे राहतं, तिथे वाफेचे बुडबुडे होतात आणि लगेच फुटतात. फुटणारा प्रत्येक बुडबुडा लोखंडावर हातोडीचा ठोका घालतो. हजारो तासांनी लायनर बाहेर काढून पाहिला तर एका उभ्या पट्ट्यात सुईने टोचल्यासारखी भोकं दिसतात, बाकी लायनर गुळगुळीत. डिझेल इंजिनासाठीच्या कूलंटमधली रसायनं लायनरवर बारीक थर धरतात, ठोके तो थर खातो आणि थर पुन्हा तयार होतो. साध्या पाण्यात असं काहीच नसतं. त्यात बांधकामावर टँकरने येणारं विहिरीचं किंवा बोअरचं खारट पाणी घातलं तर क्लोराईड गंजाला मदतच करतं. पालिकेचं तलावांचं पाणी त्या मानाने मवाळ, पण गंजापासून वाचवणारं त्यातही काही नाही.

धूर, बुडबुडे आणि स्टार्टर मारण्याआधीचा एक नियम

सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो म्हणजे पाणी जळतंय, हे अर्धसत्य आहे. थंड डिझेल इंजिन सकाळी पांढरा धूर सोडतंच. तो न जळलेल्या डिझेलचा, डोळ्यांना झोंबणारा, आणि इंजिन तापलं की थांबणारा. पाण्याचा धूर तापल्यावरही चालू राहतो, डोळ्यांना झोंबत नाही, आणि आत कूलंट असेल तर त्याला गोडसर वास येतो.

हेड गॅस्केटचा संशय असेल तर रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर दोन तपासण्या करा. पहिली: रेडिएटर भरा, झाकण लावा, इंजिन सुरू करा आणि वरचा होज हाताने दाबून धरा. पाणी तापायलाच पाच-सात मिनिटं लागतात, तेव्हा पहिल्या मिनिटभरात होज दगडासारखा टणक झाला तर तो दाब वाफेचा नाही, सिलिंडरमधल्या जळलेल्या वायूचा आहे. दुसरी: पंख्याचा बेल्ट उतरवा म्हणजे वॉटर पंप पाणी घुसळणार नाही, झाकण काढून ठेवा, पाणी काठापर्यंत भरा आणि इंजिन जास्तीत जास्त एक मिनिट चालवा. सुरुवातीला अडकलेली हवा म्हणून एक-दोन बुडबुडे येतील. सोड्याची बाटली उघडल्यासारखी सलग रांग लागली तर गॅस्केट फुटलंय किंवा हेडला चीर आहे. याहून खात्रीचा उपाय म्हणजे निळ्या द्रावणाची नळी. रेडिएटरच्या तोंडाशी धरून वरची हवा त्यातून ओढायची. जळलेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड असला तर निळा रंग हिरवट किंवा पिवळा होतो.

आणि हा नियम: रेडिएटर रातोरात बराच रिकामा झाला, बाहेर ठिपका नाही, तर सकाळी स्टार्टर मारायचा नाही. पाणी एखाद्या सिलिंडरमध्ये पिस्टनवर साचलेलं असू शकतं. एक लिटरचा सिलिंडर आणि सतरास एक कॉम्प्रेशन धरलं, तर पिस्टन वर पोचल्यावर उरलेली जागा साठेक मिलिलिटरची, कटिंग चहाच्या ग्लासाएवढी. त्याहून जास्त पाणी तिथे असेल तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. दोन हजारांचं गॅस्केट वाचवायच्या घाईत पूर्ण इंजिन बांधावं लागतं. आधी इंजेक्टर काढा, इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. ज्या भोकातून पिचकारी उडेल तो सिलिंडर सापडला.

हेड उतरवल्यावर पुसापुशी करायची घाई नको. आधी बघा. तीन पिस्टन काजळीने काळे आणि एक धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर वाफेने तो घासला गेलाय, पाणी तिथेच येत होतं. गॅस्केटवर त्याच जागेभोवती करपलेली रेघ शोधा. मग हेडवर सरळ पोलादी पट्टी कडेकडेने आणि तिरपी ठेवून खालून फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) सरकवा. मर्यादा मॅन्युअलमधली धरायची, ०.१५ मिलिमीटरची पट्टी आरामात जात असेल तर हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, पाठवल्याशिवाय नवं गॅस्केट टिकणार नाही. लायनरची कड ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा किंचित वर असायला हवी, तीही सगळ्या लायनरांची सारखी. एक जरी बसका असेल तर गॅस्केट त्याच्याभोवती दाबलं जात नाही. दर चार महिन्यांनी गॅस्केट उडणाऱ्या इंजिनात दोष गॅस्केटचा नसतो, इथे असतो. बोल्ट मधल्यापासून बाहेरच्यांकडे जात, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने (जोर मोजणारा पाना) आवळायचे. काही इंजिनांत हेडचे बोल्ट थेट पाण्याच्या पोकळीत उतरतात, त्यांच्या आट्यांना सीलंट लावलं नाही तर पाणी आटे धरून वर चढतं आणि गॅस्केट गळतंय असं वाटतं.

डोंगरातून आलेली मशीन

मुंबईत बर्फ होत नाही, पण बर्फाने फुटलेलं इंजिन मुंबईत येऊ शकतं. लडाख, हिमाचलकडची रस्त्याची कामं संपली की ट्रॅक्टर, कॉम्प्रेसर, जनरेटर विकले जातात आणि स्वस्तात मिळाले म्हणून कुठेही पोचतात. तिकडे थंडीत पारा उणे दहाच्या खाली सहज जातो. तिथे साधं पाणी भरून ठेवलेलं इंजिन एका रात्रीत जातं.

पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्के वाढतं. १० लिटरचे जवळजवळ १०.९ होतात. इंजिनाचा ब्लॉक बिडाचा. बिडाचा तवा पडला की वाकत नाही, फुटतो, ब्लॉकही तसाच. ब्लॉकच्या कुशीला रुपयाहून मोठ्या पत्र्याच्या वाट्या ठोकलेल्या असतात, वेल्च प्लग. त्या बर्फासाठी बसवलेल्या असतात असा समज आहे. मुळात त्या ओतकामातली वाळू काढायच्या भोकांची झाकणं आहेत. नशीब असेल तर बर्फ आधी त्यांना ढकलतो आणि ब्लॉक वाचतो, पण ती हमी नाही. तिकडचे लोक रात्री पाणी सोडतात तरी ब्लॉक फुटतो, कारण ड्रेन कॉक दोन असतात, एक रेडिएटरखाली आणि एक ब्लॉकच्या बाजूला. फक्त पहिला उघडला तर ब्लॉकमधलं पाणी तिथेच राहतं. दुसरा उघडला आणि काही आलं नाही, तर तो रिकामा आहे असं नसतं, गाळाने बुजलेला असतो. तार घालून बघायचं.

विकत घेताना काय बघायचं? बाकी ब्लॉक तेलकट, जुना, आणि एका वीतभर पट्ट्यावर ताजा रंग. वेल्च प्लग फुगलेले, किंवा सगळे जुने आणि दोनच नवे. रेडिएटरच्या नळ्या खालच्या बाजूला टरटरून गोल झालेल्या. बर्फाची चीर साधारणपणे ब्लॉकच्या बाहेरच्या भिंतीवर, पाण्याच्या पोकळीच्या समांतर, आडवी जाते. उष्णतेची चीर वेगळी: ती हेडमध्ये, दोन झडपांच्या मधल्या अरुंद पट्टीत किंवा झडप आणि इंजेक्टरच्या भोकामध्ये सापडते.

चीर डोळ्याला दिसत नसेल तर जुना उपाय अजून उत्तम चालतो. रंग तारेच्या ब्रशने खरवडून काढा, रॉकेल किंवा डिझेल चोळा, दहा मिनिटं मुरू द्या, कोरड्या फडक्याने पुसून टाका आणि वर खडूची भुकटी झटका. चिरेत मुरलेलं तेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या भुकटीवर केसासारखी काळसर रेघ उमटते. पेनने टोकं खूण करून ठेवा, कारण दुरुस्तीत दोन्ही टोकांना भोक पाडून चीर थांबवावी लागते. बाहेरच्या भिंतीची चीर धातूच्या खिळ्यांनी शिवून घेता येते, बिडाचं काम करणारे कारागीर हे करून देतात. बीड न तापवता केलेलं घाईचं वेल्डिंग शेजारी नवी चीर पाडतं. लायनरच्या बैठकीतून किंवा बेअरिंगकडे गेलेली चीर असेल तर पैसे घालू नका, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला वापरलेला ब्लॉक शोधा.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. तिकडे जे बर्फ करतो ते मुंबईत थंड पाण्याची बादली करते. कॉम्प्रेसर लावलेला ट्रॅक्टर दिवसभर एका जागी उभा राहून दगडाची धूळ खातो, रेडिएटरची जाळी बुजते, काटा लाल पट्टीत जातो. ड्रायव्हर इंजिन बंद करतो, फडकं धरून झाकण उघडतो, वाफेचं कारंजं उडतं, आणि तो बादलीभर पाणी एकदम ओततो. तापून पसरलेलं बीड एका जागी आकसतं आणि हेड तडकतं. भार काढा, पण इंजिन लगेच बंद करू नका. पाणी अजून फिरतंय तोवर मंद चालू ठेवा. काटा खाली आला नाही किंवा पाणीच उरलं नसेल तर बंद करा आणि अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका. जाळीला हवा पंख्याच्या बाजूने पुढे मारायची. समोरून मारली तर धूळ आणखी आत बसते.

हळद, पावडर आणि शेवटी कूलंट

रेडिएटर ठिबकला की मूठभर हळद टाकायची युक्ती हायवेवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. हळद फुगून भोकात बसते, गॅरेजपर्यंत नेते, हे खरं. पण तिला गळकं भोक आणि रेडिएटरची बारीक नळी यातला फरक कळत नाही. बाजारातल्या गळती-बंद पावडरीचंही तेच. रस्त्यात अडकलात तर टाका, मग दुरुस्ती करून पूर्ण धुऊन काढा. कायमची दवा म्हणून टाकलीत तर पुढच्या उन्हाळ्यात इंजिन तापण्याचं कारण तीच असेल.

ऑइलमध्ये कूलंट गेलं होतं तर गळती बंद करून भागत नाही. ग्लायकॉल (कूलंटमधला मुख्य घटक) आणि ऑइल मिळून चिकट राळ होते, ती क्रँकच्या मेटलपर्यंत, म्हणजे बेअरिंगपर्यंत, ऑइल पोचू देत नाही. ऑइल आणि फिल्टर बदला, वीस-तीस मिनिटं बिनभाराचं चालवा, गरम असतानाच पुन्हा काढा आणि पुन्हा बदला. पहिलं ऑइल वाया गेलं असं वाटेल, मेटलचा सेट आणि क्रँक ग्राइंडिंगचं बिल त्याहून मोठं असतं.

भरताना कूलंट डिझेल इंजिनासाठीचं घ्या आणि डबा आधी वाचा: तयार मिश्रण आहे की पाणी घालायचं आहे. घालायचं असेल तर डिस्टिल्ड पाणी, निम्मं-निम्मं, बादलीत आधी मिसळून. ५०-५० मिश्रण उणे ३७ च्या आसपास गोठतं. नुसतं ग्लायकॉल मात्र उणे १३ लाच, आणि ते उष्णताही पाण्यापेक्षा कमी वाहून नेतं. म्हणजे जास्त ओतलं की जास्त चांगलं, असं नाही. मुंबईत आपल्याला उणे ३७ नको आहे, गंजरोधक हवा आहे. पण मिश्रण एक तृतीयांशाच्या खाली पातळ केलं तर नेमका तोच कमी पडतो. रोज साधं पाणी वर घालत राहिलं की महिन्याभरात हेच होतं. रंगावर जाऊ नका, हिरवा हिरव्यात मिसळेलच याची खात्री नाही. जुनं कुठलं आहे माहीत नसेल तर दोन्ही कॉक उघडून पूर्ण काढा आणि स्वच्छ पाण्याने धुवा.

काढलेलं कूलंट गटारात किंवा फुटपाथवर नको. ग्लायकॉल गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्याशानेही मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, जुन्या ऑइलचे डबे उचलणाऱ्याकडे वेगळं द्या.

नवं भरताना हळू ओता, मध्ये वरचा होज दोन-चारदा दाबा म्हणजे अडकलेली हवा सुटेल. इंजिन झाकण न लावता मंद चालवा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी अचानक खाली जाते, तेव्हा पुन्हा भरा आणि मग झाकण. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर बाटलीवर पेनने रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. आठ दिवसांनी पातळी रेघेवर नसेल तर रद्दी पुन्हा खाली पसरा.